चाळीस हजारांत एमपीएचचा लॅपटॉप: दादाचं ऐकू, दुकानदाराचं की सिनिअरचं?

"ताई, मी हिंगोली जिल्ह्यातली. बी.एस्सी. नर्सिंगनंतर साडेतीन वर्षं उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, होते. आता मुंबईत एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, नंबर लागलाय. स्वतःचा लॅपटॉप कधीच नव्हता, सगळ्या एंट्र्या टॅबवर केल्या. साठवलेल्यातले चाळीस हजार यासाठी बाजूला काढलेत, त्याच्या वर एक रुपया नाही. दादा म्हणतो आय सेव्हनच घे, त्याच्या ओळखीत एक जुना बावीस हजारांत मिळतोय. नांदेडच्या एका दुकानात साठ हजारांचा ग्राफिक्स कार्डवाला दाखवला, हप्ते करून देतो म्हणाले. सिनिअर म्हणते, एसपीएसएस आणि स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअर चालायला हवीत, हलका घेतलास तर दुसऱ्या सेमिस्टरला रडशील. मला यातलं काही कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. काय घेऊ? आणि दादाला काय सांगू?"

दादाच्या ओळखीतला तो आय सेव्हन घेऊ नकोस, आणि साठ हजारांचा हप्त्यावर तर मुळीच नको. तुझ्या चाळीस हजारांत दोन वर्षं साथ देईल असं मशीन मिळतं. ते कसं ओळखायचं ते सांगते. जरा लांबण लागेल, कारण तिघांनीही तुला मनापासून सल्ला दिलाय, पण एमपीएचमध्ये लॅपटॉपवर दिवसभर काय चालतं हे दादाला आणि दुकानदाराला माहीत नाही, आणि सिनिअरनं निम्मंच सांगितलंय.

लाजेचं म्हणशील तर, तू साडेतीन वर्षं उपकेंद्र चालवलंयस. नवा ग्लुकोमीटर आला की तू स्ट्रिपची एक्सपायरी बघतेस, पुढच्या महिन्यात स्ट्रिपा मिळणार का ते विचारतेस. खोक्यावरच्या चित्राकडे बघतही नाहीस. लॅपटॉप असाच बघायचा असतो.

तुझा बहुतेक वेळ वाचण्यात आणि लिहिण्यात जाणार आहे. एका असाइनमेंटसाठी ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे, त्यात आठ-दहा पीडीएफ, शेजारी वर्डची फाइल, संदर्भांसाठी झोटेरो, आणि त्यातच झूमवर कुणाचं तरी लेक्चर चालू. हे सगळं एकाच वेळी. त्याखालोखाल आकडेवारी: बायोस्टॅट आणि एपिडेमिऑलॉजीची प्रात्यक्षिकं, पुढे डिझर्टेशन. आणि मग फील्ड. यातल्या कशालाही वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. क्यूजीआयएसमध्ये तालुक्यांचे नकाशे रंगवायचे असले तरी लागत नाही. त्या साठ हजारांतले बरेचसे पैसे कार्डाचे आहेत, आणि ते कार्ड बॅटरी खातं, वजन वाढवतं. दोन-सव्वादोन किलोचं मशीन आणि विटेएवढा चार्जर घेऊन तू रोज लोकलमध्ये चढणार आहेस, हे त्या दुकानदाराच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

आता सिनिअरच्या भीतीकडे येते, कारण तिच्यात तथ्य आहे. एमपीएचच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कधी ना कधी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी उघडावी लागते. तू शिकायला चालली आहेस त्याच मुंबईत, देवनारला, या सर्वेक्षणाचं काम पाहणारी लोकसंख्याविज्ञान संस्था आहे, आयआयपीएस. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ६,३६,६९९ कुटुंबांत जाऊन ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. तुझा हिंगोली जिल्हाही त्यात आहे. तू बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघायचीस, तसंच बघितलेलं हिमोग्लोबिन त्या फाइलमध्ये एका कॉलमात बसलेलं आहे.

मागे एका विद्यार्थिनीबरोबर मी रात्री साडेदहाला हॉस्टेलच्या मेसमध्ये बसले होते. तिनं स्त्रियांची ती अख्खी फाइल आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला घेतली. मशीन आठ जीबी रॅमचं, म्हणजे काम चालू असताना माहिती ठेवायची तात्पुरती जागा एवढीच. पंखा घरघरायला लागला, मग माउस हलेना, मग दहा-बारा मिनिटांनी लाल अक्षरं आली: 'कॅनॉट अलोकेट व्हेक्टर ऑफ साइझ' आणि पुढे काहीतरी आकडा. पोरगी रडवेली झाली. ऐंशी हजारांचा घ्यावा लागणार म्हणून घरी फोन करायला निघाली होती.

मी तिला कागद-पेन घ्यायला लावलं. आर सगळी आकडेवारी रॅममध्ये ठेवून काम करतं आणि एका आकड्याला आठ बाइट घेतं. स्त्रिया सव्वासात लाख. कॉलम चार हजारांच्या वर आहेत, चार हजारच धरू. गुणाकार केला तर २३ जीबी होतात. म्हणजे आठ जीबीचं सोड, सोळा जीबीच्या मशीनवरही ती फाइल अख्खी मावत नाही. मग तिला विचारलं, तुझ्या प्रश्नासाठी कॉलम किती लागतात? वय, शिक्षण, शहर की गाव, जिल्हा, रक्तक्षयाची पातळी, सर्वेक्षणाचं वेट (प्रत्येक मुलाखतीला दिलेला भार), असे मोजून तीस निघाले. तीस कॉलमांचा गुणाकार पावणेदोनशे एमबीच्या आतच राहतो. आर मध्ये हेवन नावाचं पॅकेज आहे, त्यात फाइल वाचतानाच कॉलम निवडता येतात. तेवढं सांगितल्यावर त्याच मशीनवर, त्याच रात्री, तिची फाइल उघडली. घरी फोन गेला नाही.

स्टाटाचंही असंच. त्याची सर्वांत छोटी आवृत्ती, बीई, एका वेळी २,०४८ व्हेरिएबलच, म्हणजे कॉलमच, घेते, मशीन कितीही दांडगं असो. तिथंही 'यूज' या कमांडमध्ये हवी ती नावं देऊन तेवढंच उघडायचं असतं. सिनिअरला दुसऱ्या सेमिस्टरला रडू आलं असेल ते बहुधा इथंच, आणि त्यावरचा उपाय दुकानात मिळत नाही.

तरीही मी तुला सोळा जीबी रॅमच घ्यायला सांगणार आहे. कारण ते पंचवीस टॅब. विंडोज सुरू झालं की तीन-चार जीबी तेच खातं, ब्राउझर आणि झूम मिळून तेवढेच, आणि मग आर ला उरतं काय? आठ जीबीत चालतं, पण सारखं एक बंद कर, दुसरं उघड करत बसावं लागतं. सोळा जीबी ही माझी पहिली अट. दुसरी अट एसएसडीची, म्हणजे फिरती चकती नसलेल्या वेगवान स्टोरेजची, ५१२ जीबी असली तर उत्तम, २५६ असली तरी भागेल. चकती फिरणारी जुनी हार्ड डिस्क असलेलं मशीन फुकट मिळालं तरी वापरताना वैताग येईल. स्वस्तातल्या काही नव्या मशीनांत ईएमएमसी नावाचं स्टोरेज असतं, तेही नको. ते एसएसडीपेक्षा हळू असतं आणि बोर्डावरच बसवलेलं असल्यानं पुढे बदलता येत नाही.

रॅमबद्दल दुकानात एक प्रश्न हटकून विचार: "रॅम सोल्डर केलेली आहे का स्लॉट आहे?" स्लॉट असेल तर आज आठ घेऊन पुढे वाढवता येते. सोल्डर केलेली आठ असेल तर ती जन्माची आठ. पूर्वी मी सर्रास सांगायचे की आठ जीबीचं घ्या, सहा महिन्यांनी पट्टी टाका. आता तसं सांगताना जपून सांगते, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. पट्टीचा भाव त्याच दिवशी, त्याच दुकानात विचार आणि दोन्ही मिळून हिशेब कर.

आता दादाचा आय सेव्हन. आय सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरच्या एका घराण्याचं नाव आहे, त्यात पिढ्या असतात. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. बावीस हजारांतला जुना आय सेव्हन म्हणजे बऱ्याचदा ६६००-यू सारखा सहाव्या पिढीचा, २०१५ सालचा असतो. त्यात दोनच कोअर, म्हणजे काम करणारे भाग. आजच्या साध्या आय थ्री १२१५-यू मध्ये सहा आहेत. तुला नक्की कोणता दाखवलाय ते तू लिहिलं नाहीस, म्हणून दादाला तेवढा आकडा विचार. ८ नं सुरू होत असेल, किंवा १०, ११, १२ असा पुढचा असेल, तर बोलणं पुढं न्यायला हरकत नाही. ७ किंवा त्याखालचा असेल तर तिथंच थांब. कारण विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. रुग्णांची माहिती ज्यावर ठेवायची ते मशीन सुरक्षेच्या अपडेटशिवाय दोन वर्षं वापरणं मला मान्य नाही.

एएमडीच्या रायझनमध्येही अशीच एक खोच आहे. रायझन फाइव्ह ७५२०-यू आणि रायझन फाइव्ह ७५३०-यू ही नावं जुळ्या बहिणींसारखी वाटतात. पहिल्यात चार कोअर आहेत, ते जुन्या बनावटीचे, आणि रॅम सोल्डर केलेली. दुसऱ्यात सहा कोअर, नव्या बनावटीचे. एका आकड्याचा फरक, पण भाव जवळपास असतील तर ७५३० उचल. सेलेरॉन लिहिलेलं काहीही घेऊ नकोस. क्रोमबुकही नको, त्यावर एसपीएसएस आणि स्टाटा बसत नाहीत.

मग चाळीस हजारांत काय? माझं मत असं. लॅपटॉपवर पस्तीसच्या वर जाऊ नकोस. उरलेले पाच कशाला ते पुढे येतं. पस्तिसात नवा, सोळा जीबीचा, बऱ्या प्रोसेसरचा मिळाला तर घेऊन टाक. पण सध्याच्या बाजारात त्या पैशांत नवी मशीनं जास्त करून आठ जीबीचीच दिसतील, ती रॅम स्लॉट असेल तरच घ्यायची. तसं काही न मिळाल्यास बिझनेस मालिकेतला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला, घे. मी तुझ्या जागी असते तर आधी रिफर्बिश्डच बघितला असता. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप गठ्ठ्यानं काढून टाकतात. लेनोवोचा थिंकपॅड टी १४ जेन २, डेलचा लॅटिट्यूड ५४२०, एचपीचा एलिटबुक ८४० जी ८, हे सगळे अकराव्या पिढीचे. यांचे कीबोर्ड दणकट, बिजागऱ्या पक्क्या, वजन दीड किलोच्या आसपास, रॅमला स्लॉट, आणि टाइप सी चार्जरवर चार्ज होतात. याच मालिकांतले आठव्या पिढीचे थोडे आणखी स्वस्त पडतात, ते शेवटचा पर्याय म्हणून.

मुंबईला येणारच आहेस, तर खरेदी तिथंच कर. ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड त्यासाठीच ओळखला जातो. एका दुकानात ठरवू नकोस, चार दुकानं फिर. आणि जीएसटीचं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी देणारा दुकानदारच निवड. "बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो" म्हणाला की नमस्कार करून बाहेर पड.

दुकानात बसून काय बघायचं ते नीट सांगते, कारण रिफर्बिश्डमध्ये फसगत होते ती इथं. मशीन वायफायला किंवा तुझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून विंडोजचा सेटअप तुझ्यासमोर पूर्ण करायला लाव. मध्येच एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथलं लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या दावणीला बांधलेलं आहे, सोडून दे. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅमला, पासवर्ड असेल तरी सोडून दे. मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून powercfg /batteryreport असं लिही, तिरक्या रेघेच्या आधी एक जागा सोड, नंतर सोडू नकोस. एक फाइल तयार होते, ती कुठं ठेवली तेही तिथंच दिसतं. तीत दोन आकडे शोध: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० असेल, तर बॅटरीचा जीव ६२ टक्के उरलाय. ऐंशीच्या वर असेल तर छान. साठ-पासष्ट असेल तर नवी बॅटरी घालून मागायची किंवा तेवढे पैसे कमी करून घ्यायचे. मग कीबोर्डवरचं प्रत्येक बटण दाबून बघ, कॅमेरा आणि माइक लावून दादाला व्हिडिओ कॉल कर, दोन्ही यूएसबीत पेन ड्राइव्ह घाल, आणि पडदा पांढरा करून डाग दिसतात का बघ. पडदा फुल एचडी आणि आयपीएस असावा. कोनातून बघितल्यावर रंग उलटेपालटे होत असतील तर तो आयपीएस नाही, आणि दिवसाला सहा तास वाचणाऱ्या डोळ्यांना तो त्रास देतो.

बॅटरीवर मी इतका वेळ घालवते, त्याला कारण आहे. फील्ड प्लेसमेंटला तुला कुठंही टाकतील. मी धारणी तालुक्यात होते तेव्हा सकाळी गेलेली वीज संध्याकाळी यायची आणि तेवढ्यात दिवसभराचे फॉर्म भरून व्हायला हवे असायचे. तुला हे नवीन नाही, लोडशेडिंग तू बघितलंयस. टाइप सी चार्जिंग असेल तर गाडीतल्या चार्जरवर किंवा दमदार पॉवर बँकेवरही काम निभतं, त्यासाठी किती वॉट लागतात ते मशीनच्या चार्जरवर लिहिलेलं असतं. आकारानं १४ इंची घे. १५.६ इंचीला आकड्यांचा वेगळा कीपॅड मिळतो आणि कागदी फॉर्म चढवताना तो फार उपयोगी पडतो हे खरं, पण काहीशे रुपयांत यूएसबीचा सुटा कीपॅड मिळतो, तो लावता येतो.

सॉफ्टवेअरबद्दल सिनिअरला विचार, एसपीएसएस आणि स्टाटा संस्थेच्या लॅबमध्ये आहे का. बहुतेक ठिकाणी असतं. त्याहून चांगलं म्हणजे विभागाच्या कार्यालयाला दोन ओळींचा मेल टाक: कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात, विद्यार्थ्यांना लायसन्स मिळतं का, आणि संस्थेच्या ईमेलवर वर्ड-एक्सेल मोफत आहे का. उत्तर येईपर्यंत एक रुपयाही सॉफ्टवेअरवर घालू नकोस. आर मोफत आहे. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी ते विद्यार्थ्यांना शिकवता यावं म्हणून लिहायला घेतलं होतं, आणि आज जगभर साथरोगांचं काम त्यावर चालतं. एसपीएसएससारखी बटणं दाबून काम करायचं असेल तर जामोवी आहे, तेही मोफत आणि आत आर च चालतं. एसपीएसएसची फाइल पीएसपीपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते. क्यूजीआयएस, झोटेरो, लिबरऑफिस, सगळं मोफत. आकडेवारीचंच सॅस हे सॉफ्टवेअरसुद्धा शिकणाऱ्यांना ब्राउझरमधून विनाशुल्क वापरता येतं.

हॉस्टेलवर कुणीतरी पेन ड्राइव्हमधून क्रॅक केलेलं एसपीएसएस देईल. घेऊ नकोस. ते बसवताना आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि मग आत काय शिरलं ते आपल्याला कळत नाही. ज्या बायकांनी तुला विश्वासानं घरातलं सांगितलं, त्यांच्या मुलाखती त्याच मशीनवर असणार आहेत.

मराठीचं एक सांगायचं राहील, म्हणून इथंच सांगते. तुझी प्रश्नावली मराठीत असेल. ती युनिकोडमध्येच टाइप कर. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आहे, इनस्क्रिप्ट येत नसेल तर फोनेटिक निवड, आठवड्यात हात बसतो. कोबोटूलबॉक्स या फॉर्म भरून घ्यायच्या साधनातून डेटा सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) म्हणून उतरवलास आणि त्यावर डबल क्लिक केलंस की एक्सेलमध्ये 'अंगणवाडी'च्या जागी काहीतरी चिन्हांचा चिवडा दिसतो. घाबरून फाइल पुसू नकोस, आणि मुख्य म्हणजे तशीच सेव्ह करू नकोस, सेव्ह केलीस की अक्षरं खरंच जातात. रिकामं एक्सेल उघड, डेटा या मेनूतून सीएसव्ही आत घे आणि 'फाइल ओरिजिन'च्या यादीत यूटीएफ-८ निवड, यादीत त्याच्याशेजारी ६५००१ हा आकडा असतो. अंगणवाडी परत अंगणवाडी होते. आर ची जुनी आवृत्ती विंडोजवर देवनागरीला अडखळायची. २०२२ मध्ये आलेल्या ४.२ पासून तो त्रास गेला, म्हणून नवीच आवृत्ती उतरव.

आता ते उरलेले पाच हजार. त्यातून एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क किंवा छोटी एसएसडी घे, पाठीवरची चांगली पॅड असलेली बॅग घे, आणि उरले तर रॅमच्या पट्टीसाठी ठेव. हे मी अनुभवातून सांगते. माझ्या प्रबंधाच्या वेळी एसटीतून उतरताना लॅपटॉप हातातून पडला आणि डिस्क गेली. अकरा मुलाखती गेल्या. त्यातल्या दोन आजींकडे मी परत गेले, एक त्या मधल्या काळात वारल्या होत्या. त्यांचं बोलणं माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हतं आणि ते मी एकाच ठिकाणी ठेवलं होतं. तू रोज रात्री झोपण्याआधी डिस्क जोडून कॉपी काढ, आणि दुसरी कॉपी संस्थेच्या ड्राइव्हवर ठेव. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघ, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येत नाही. त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घरी आईजवळ ठेव. तुझा विषय एथिक्स कमिटीपुढे जाईल तेव्हा डेटा कुठं आणि कसा ठेवणार हा प्रश्न येतोच, तेव्हा हेच उत्तर द्यायचं आहे.

हप्त्याचं थोडक्यात. पगार थांबल्यावर दर महिन्याचा हप्ता मेसच्या पैशांतून जाईल, म्हणून नको. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी बऱ्याचदा प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी लागतो. पण तू फीसाठी शैक्षणिक कर्ज काढणार असशील तर बँकेत विचार. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रमासाठी संगणक लागत असेल तर त्याचा वाजवी खर्चही धरता येतो. संस्थेच्या लेटरहेडवर तसं पत्र आणि दुकानाचं कोटेशन जोडावं लागेल. कर्ज काढत नसशील तर फक्त लॅपटॉपसाठी काढू नकोस.

आणि घाईही नको. पहिले पंधरा दिवस लॅबमध्ये बसून काम कर. विभागाच्या मेलचं उत्तर आलं, वर्गातल्या मुलींची मशीनं हाताळून बघितलीस, की लॅमिंग्टन रोडला जा.

दादाला काय सांगू, असं विचारलंयस. त्याला खोटं पाडायची गरज नाही. बहिणीला कमी पडू नये म्हणून तो आय सेव्हन म्हणतोय. त्याला एवढंच म्हण की, दादा, त्या मशीनचा पूर्ण आकडा काय आहे ते विचारून दे आणि बॅटरीचा रिपोर्ट काढून पाठव. आकडा अकराव्या पिढीचा निघाला, रॅम सोळा असली आणि बॅटरी ऐंशीच्या वर, तर बावीस हजारांत तोच घे आणि मला कळव, मी माझं पहिलं वाक्य मागे घेईन. तसा निघाला नाही तर त्याला एखाद्या शनिवारी मुंबईला बोलाव. चार दुकानं फिरताना आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घेताना बरोबर कुणीतरी असलेलं बरं.